३१ मे रोजी जन्मलेली माणसं

महाराष्ट्रात एका वयाच्या वरच्या भरपूर माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यावरचे विनोद दरवर्षी व्हॉट्सॅपवर फिरतात, त्यामुळे कारण सांगायची फारशी गरज नाही. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसायचा. गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज बांधायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून मोकळे व्हायचे. जन्मतारखेच्या रकान्यात १ जूनला उंच ढीग दिसला, तर नोंदींचं काम करणारं कुणी दचकत नाही. त्या ढिगाचं मूळ आपल्याला माहीत आहे.

काही तक्त्यांमध्ये मात्र हा ढीग १ जूनला नसतो, ३१ मेला असतो. आणि त्याच तक्त्यात १ जानेवारीच्या ऐवजी ३१ डिसेंबरला दुसरा, जरा बुटका ढीग. ३१ मे ही तारीख कुठल्याच गुरुजींनी लिहिलेली नाही. ती ब्राउझरने लिहिली आहे. आजचा लेख या दुसऱ्या ढिगाबद्दल, म्हणजे जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टबद्दल, आणि त्याच्याभोवती गेल्या तीस वर्षांत आपण काढलेल्या पळवाटांबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ब्राउझरची खोड कधी ना कधी सुधारते, पण तिच्यावर काढलेली पळवाट डेटात जाऊन बसते आणि तिथून ती हलत नाही. वेब डेव्हलपमेंटच्या लिखाणात पळवाटांचं फार कौतुक असतं. त्यांची किंमत कोण मोजतं, हे त्या लिखाणात नसतं.

आधी माझ्या कामाशी याचा संबंध. माझ्या पीएचडीचा विषय नोंदींची जुळवणी. एका दवाखान्याच्या यादीत सुमन पाटील आहे, दुसऱ्या यादीत सुमनबाई पाटील आहे. या दोघी एकच की वेगळ्या? दोन्हीकडे सामायिक ओळख क्रमांक नसेल, तर नाव, गाव, लिंग, जन्मतारीख यांवरून ठरवावं लागतं. या विचाराला गणिती पाया दिला तो कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी, १९६९च्या एका शोधनिबंधात. कल्पना अगदी घरगुती आहे. दोन नोंदींत ‘पाटील’ जुळलं तर फारसं काही कळत नाही, कारण पाटील गल्लोगल्ली. ‘टिकेकर’ जुळलं तर बरंच कळतं. जितकी दुर्मिळ गोष्ट जुळेल तितकं तिचं वजन जास्त. सगळ्या रकान्यांची वजनं मिळवायची आणि बेरीज एका मर्यादेच्या वर गेली की म्हणायचं, हे एकच माणूस.

आता यात ३१ मे घाला. एका यादीत सुमनबाईंची तारीख १ जून आणि दुसरीत ३१ मे असेल, तर सर्वांत भरवशाचा रकाना जुळत नाही आणि एका बाईच्या दोन बायका होतात. हा झाला सोपा घोटाळा. उलटाही होतो. १ जूनला जन्मलेल्या दोन वेगळ्या सुमन पाटील एकाच बिघडलेल्या फॉर्ममधून गेल्या आणि दोघींची तारीख ३१ मे झाली. वर्षातल्या सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य मानणाऱ्या जुळवणीला ‘३१ मे’ जुळणं हे ‘टिकेकर’ जुळण्यासारखं वाटतं. १ जूनवर शंका घ्यायला आपण निदान शिकलेलो असतो. ३१ मेवर शंका कोण घेणार? मग दोघी एक होतात आणि एकीला चालत नसलेल्या औषधाची नोंद दुसरीच्या नावावर चढते. यादृच्छिक चुका जुळवणीला पचवता येतात, तिची रचनाच तशी आहे. सगळ्यांना एकाच दिशेने एक दिवस मागे ढकलणारी चूक तिच्या हिशेबात नाही.

तर एक दिवस जातो कुठे? (नेहमीप्रमाणे कोडमधली नावं देवनागरीतच लिहिते आहे, ज्यांना टाइप करून बघायचंय त्यांना ती ओळखू येतील.)

जावास्क्रिप्टच्या डेटच्या पोटात तारीख नसते. असतो एकच आकडा: १ जानेवारी १९७०च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. म्हणजे डेट हा काळाच्या रेषेवरचा एक क्षण आहे. जगभर तो एकच असतो, फक्त प्रत्येक ठिकाणचं घड्याळ त्याला वेगळं नाव देतं. तुम्ही भारतात बसून कॅलेंडरवर १ जून निवडलात, की बहुतेक लायब्ऱ्या ‘इथल्या १ जूनची मध्यरात्र’ असा क्षण तयार करतात. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे यूटीसीच्या घड्याळात तो क्षण ३१ मे, १८:३०. हा डेट सर्व्हरकडे पाठवायला जेसनमध्ये गुंडाळला की जावास्क्रिप्ट न विचारता टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरतं, आणि ते यूटीसीतच लिहितं. जेसनला तारीख नावाचा प्रकारच ठाऊक नाही, तिथे फक्त अक्षरांची माळ जाते. पलीकडे कुणीतरी ‘आपल्याला वेळ नको, फक्त तारीख हवी’ म्हणून त्या माळेतली पहिली दहा अक्षरं कापून घेतो. ३१ मे.

भारतात वेब डेव्हलपमेंट केलेल्या प्रत्येकाने १८:३० हा आकडा पाहिलेला असतो. डेटाबेसमध्ये रांगेने उभे असलेले १८:३०, १८:३०, १८:३०. तो दिसला की खरं तर समजायला हवं की इथे कुणीतरी तारखेला क्षण बनवलं आहे. पण आपल्याकडे तो घरातल्या पालीसारखा झालाय. असते, दिसते, कुणी काही करत नाही.

जन्मतारीख हा क्षण नाही, हे कळायला संगणकशास्त्र लागत नाही. सुमनबाई उद्या मुलीकडे न्यू जर्सीला गेल्या तर त्यांचा वाढदिवस आदल्या दिवशी सरकत नाही. तारीख ही कॅलेंडरवरची चौकट आहे. क्षण ही घड्याळाची गोष्ट. पत्रिका मांडणाऱ्याला दोन्ही लागतात, म्हणून तो वेळ आणि गाव वेगळं विचारतो. डेट ऑब्जेक्टने या दोन्ही गोष्टी एकाच डब्यात कोंबल्या आणि डब्यावर लेबल लावलं ‘तारीख’. नावच चुकलं. त्याला ‘क्षण’ म्हटलं असतं, तर जन्मतारीख त्यात घालताना कुणाचा तरी हात थांबला असता.

हे असं का झालं याची गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते, मी थोडक्यात आटपते. ब्रेंडन आइकने मे १९९५मध्ये नेटस्केपमध्ये सुमारे दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला. वरून हुकूम होता की ती जावासारखी दिसली पाहिजे. डेट जावाच्या पहिल्या आवृत्तीतून जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली: महिने शून्यापासून मोजायचे, वर्ष १९०० वजा करून द्यायचं, सगळं. १९९७मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीने स्वतःच्या त्या डेटमधल्या बहुतेक गोष्टी ‘वापरू नका’ म्हणून बाजूला काढल्या. २०१४मध्ये जावाने क्षण आणि तारीख हे दोन वेगळे प्रकारच करून टाकले. जावास्क्रिप्ट मात्र ती उसनी वस्तू सांभाळत राहिलं, कारण तोवर जगातली सगळी संकेतस्थळं तिच्यावर उभी होती. घाईत केलेल्या चुकीला मी फार दोष देत नाही. मूळ मालकाने टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने पुढे पंचवीस-तीस वर्षं वापरणं, हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

या भाषेत पळवाट म्हणजे काय, याचा नमुना २००० साली सगळ्या जगाने पाहिला. गेट-इयर हे १९०० वजा केलेलं वर्ष देत असल्यामुळे २००० साली त्याने १०० दिलं, आणि पुढे ‘१९’ चिकटवणाऱ्या पानांवर १९१०० साल उजाडलं. बरं, १९०० मिळवावेत म्हटलं तर इंटरनेट एक्सप्लोररने आपल्यापरीने शहाणपण करून २०००पासून पूर्ण वर्ष द्यायला सुरुवात केलेली, म्हणजे तिथे ३९००. पडद्यावर १९१०० दिसलं की लोक हसतात आणि दुरुस्ती होते. ही चूक भाग्यवान होती: ती दिसत होती.

३१ मेची चूक दिसत नाही, हाच तिचा मोठा गुण. डेव्हलपर भारतात, चाचणी करणारा भारतात, वापरणारा भारतात. १ जून भरा, जतन करा, पुन्हा उघडा. १८:३० वाला क्षण परत येतो, ब्राउझर त्याला भारतीय घड्याळात बघतो, आणि पडद्यावर १ जून. बरोबर! चाचणी पास. चूक फक्त डेटाबेसमध्ये आणि त्यातून काढलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये असते. आणि ती फाइल कुणाच्या पदरात पडते? माझ्यासारख्यांच्या.

यात एक गंमत आहे. अमेरिकेत नेमकं उलट होतं. ‘१९४३-०६-०१’ अशी नुसती तारखेची माळ डेटला दिली तर तो तिला यूटीसीची मध्यरात्र समजतो. न्यूयॉर्कच्या घड्याळात ती आदल्या दिवशीची संध्याकाळ, म्हणून पडद्यावर लगेच ३१ मे दिसतं. तिथला डेव्हलपर वैतागतो आणि उपाय शोधून सगळ्यांना सांगतो: टाइमझोनचा फरक मिनिटांत काढा आणि तेवढा डेटमध्ये मिळवा. असे उपाय जिकडेतिकडे लिहिलेले आहेत आणि त्यांच्या जागी ते चालतातही. आता तोच तुकडा भारतात चिकटवा. आपण ग्रिनिचच्या पूर्वेला, त्यामुळे यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशीची पहाट. आपल्याकडे काही बिघडलेलंच नव्हतं. साठवतानाही १ जूनच जात होता. उपाय लावल्यावर तो क्षण भारतीय मध्यरात्रीवर सरकतो, पडद्यावर १ जूनच राहतो, आणि साठवताना ३१ मे होतो. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध घेऊन आपण आजार आणला, आणि आरशात तब्येत ठणठणीत.

कॅलेंडर निवडायच्या लायब्ऱ्या मुळात आल्या कशाला? कारण फॉर्ममधला तारखेचा साधा रकाना ब्राउझरांना धड देता येत नव्हता. क्रोमने तो २०१२मध्ये दिला, फायरफॉक्सने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये, आणि मॅकवरच्या सफारीत तो आला २०२१मध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर त्याला शेवटपर्यंत साधा मजकुराचा रकानाच समजत राहिला. या सगळ्या काळात जेक्वेरी यूआय आणि तिच्या भावंडांनी काम भागवलं, आणि त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण बघा: ब्राउझरचा स्वतःचा रकाना दहा अक्षरांची माळ देतो, त्यात वेळ नाही, टाइमझोन नाही. म्हणजे अगदी जे हवं तेच. पळवाट म्हणून आलेल्या कॅलेंडरांनी मात्र त्या जागी स्थानिक मध्यरात्रीचा डेट हातात ठेवला. आज खोड संपली आहे. फॉर्म मात्र जुनेच आहेत, आणि त्यांनी भरलेल्या नोंदी तर कायमच्या.

‘मग काय, साडेपाच तास मिळवा, झालं!’ असं मला किमान तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं आहे. १८:३० अधिक ५:३० म्हणजे मध्यरात्र, दिवस परत. तक्ता साफ करताना एका ओळीत होतं. बहुतेक नोंदींना ते चालतंही. आता १ जून १९४३ला जन्मलेल्या आजी घ्या.

दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. टाइमझोनच्या ज्या जागतिक नोंदवहीवर सगळे ब्राउझर अवलंबून असतात, तिच्यात आपल्या विभागाचा फरक १९४१च्या ऑक्टोबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, मधले १९४२चे काही महिने सोडून, साडेसहा तास आहे. (या विभागाचं नाव नोंदवहीत एशिया-कोलकाता, क्रोम मात्र वर्षानुवर्षं एशिया-कॅलकटा सांगत आला. शहराचं नाव बदललं, ब्राउझरचं नाही.) म्हणजे १ जून १९४३ची भारतीय मध्यरात्र यूटीसीत १८:३० नाही, १७:३०. तिच्यात साडेपाच तास मिळवले की येतात ३१ मेच्या रात्रीचे अकरा. पहिली दहा अक्षरं कापली की आजी पुन्हा ३१ मेला. १९४२च्या जूनमध्ये जन्मलेली बहीण साफसफाईत नीट झाली, १९४६ची धाकटीही नीट झाली, मधलीच तेवढी अडकली.

अजून एक गाठ आहे. २००९च्या ईएस ५ या प्रमाणात असं सांगितलं होतं की जुन्या तारखांसाठी इतिहास तपासू नका, उन्हाळी वेळेचा आजचा नियमच मागे लावा. आज भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणून या नियमाने चालणाऱ्या ब्राउझरसाठी १९४३मध्येही साडेपाच तास. २०१५च्या ईएस ६ने हे उलटवलं: त्या काळाबद्दल जी उत्तम माहिती असेल ती वापरा. निर्णय योग्यच होता. पण ब्राउझर आपापल्या वेगाने बदलले, आणि त्यामुळे त्याच आजींची तीच तारीख जुन्या संगणकावर भरली तर १८:३० आणि नव्यावर १७:३०. एकाच तक्त्यात दोन्ही. नव्याने साठवलेली नोंद जुन्यावर उघडली तर पडद्यावरही ३१ मे. तेव्हा १९४२ ते १९४५मध्ये जन्मलेल्यांच्या रकान्यात कुठल्या नोंदीत किती मिळवायचं, हे ती नोंद कुठल्या ब्राउझरवर भरली हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. ही माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत, दवाखान्याच्या यादीत त्यांच्याच चकरा जास्त असतात, आणि यादीतली नाव-तारीख जुळत नाही म्हणून खिडकीवरून परत जाणंही त्यांनाच जड.

प्रमाण लिहिणाऱ्यांचा गोंधळ एवढ्यावर थांबला नाही. टाइमझोन न लिहिलेली माळ कशी वाचायची? ईएस ५ म्हणालं, यूटीसी समजा. ईएस ६ म्हणालं, स्थानिक समजा. मग २०१६च्या आवृत्तीत तडजोड झाली: नुसती तारीख असेल तर यूटीसी, सोबत वेळ असेल तर स्थानिक. म्हणजे माळेच्या शेवटी मध्यरात्रीची वेळ जोडली की भारतात तिचा अर्थ साडेपाच तासांनी बदलतो. ही तडजोड कशासाठी, तर आधीची संकेतस्थळं मोडू नयेत. जुनी पानं मोडू द्यायची नाहीत हे वेबचं ब्रीद मला मनापासून आवडतं. १९९८चं पान आज उघडतं हे थोडं नाही. पण ‘मोडणं’ याची व्याख्या इथे पडद्यापुरती आहे. पान उघडलं, बटण चाललं, म्हणजे काही मोडलं नाही. डेटात काय मोडलं हे बघणारं त्या खोलीत कुणी बसलेलं नसतं.

फॉर्म तपासण्याची आपली पद्धतही यातच मोडते. आलेला मजकूर डेटला द्यायचा, ‘इनव्हॅलिड डेट’ आलं नाही तर तारीख बरोबर मानायची. १/६/१९४३ इंग्रजी अंकांत दिलं तर डेट आधी महिना वाचतो, म्हणजे ६ जानेवारी. गुरुजींच्या ढिगाचा तिसरा अवतार हा: ६ जानेवारी. तारीख बाराच्या पुढची असेल तर तेराव्या महिन्यावर तो अडतो, पण एक ते बारा बिनबोभाट आत. क्रोमची मजल तर याहून पुढे आहे. त्याचा जुना वाचक अनोळखी शब्द गिळून टाकतो. इंग्रजीत ‘वॉर्ड १२’ लिहून दिलं की १ डिसेंबर २००१ मिळते. वॉर्ड १३ला इनव्हॅलिड, आणि वॉर्ड ३२ला पुन्हा १ जानेवारी २०३२. पत्त्याचा रकाना चुकून तारखेत पडला तर बारा वॉर्डांना जन्मतारखा मिळतील.

आणि मराठी अंक? तिथे डेट अगदी कडक. ०१/०६/१९४३ मराठी अंकांत टाइप करा, इनव्हॅलिड डेट. साध्या आकड्यांचंही तेच. मराठीतला १२ संख्येत बदलायला सांगितला तर जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नाही’ म्हणतं. खरी मौज म्हणजे त्याच ब्राउझरला मराठी लोकेल देऊन तारीख छापायला सांगा, तो सुंदर मराठी अंकांत १/६/१९४३ छापतो. आणि स्वतःच छापलेलं त्याला परत वाचता येत नाही. हिंदीत ही अडचण येत नाही, कारण तिथे मुळात छापतानाच इंग्रजी अंक येतात. वॉर्ड १२ला तारीख मानणारा आणि आपल्या तारखेला तारीख न मानणारा, हे दोन्ही एकच गृहस्थ.

इथवर मी ब्राउझरांना बोलले. आता घरच्यांना. आमच्या क्षेत्रातल्या शोधनिबंधांत डेटा कसा साफ केला याचा एक परिच्छेद असतो आणि त्यात ‘तारखा एकसमान स्वरूपात आणल्या’ असं एक वाक्य असतं. त्या एका वाक्यात वरचं सगळं गाडलेलं असू शकतं. कुठल्या साधनाने आणल्या, मूळ माळ जपली का, आणण्याआधी आणि नंतर ढीग कुठे होते, काही नाही. काही जण जुळवणी करताना एक दिवसाची सवलत देतात: ३१ मे आणि १ जून जुळतात असं माना. याने तुटलेल्या सुमनबाई सांधल्या जातात, कबूल. पण दोन वेगळ्या सुमनबाई चिकटण्याचा धोका तसाच राहतो, आणि चूक दुरुस्त न होता नियम बनते. सवलत देण्याआधी कुठला फॉर्म, कुठल्या काळात, किती घसरला हे शोधायला हवं. ते शोधता येतं. नोंदीत १८:३० शिल्लक असेल तर ती सरळ कबुलीच आहे. पहिली दहा अक्षरं कापून टाकलेली असतील तर मात्र कबुलीही कापली गेलेली असते. म्हणून त्या दहा अक्षरांच्या कापाकापीवर माझा सगळ्यात जास्त राग. १८:३० कुरूप असेल, पण पुरावा आहे.

मग नवं काय आहे? टेम्पोरल. भाषेच्या प्रमाण समितीत ते मार्च २०२१मध्ये तिसऱ्या टप्प्यावर पोचलं, फायरफॉक्सने मे २०२५मध्ये १३९व्या आवृत्तीत ते दिलं. त्यात क्षण वेगळा, तारीख वेगळी: इन्स्टंट आणि प्लेनडेट. महिने एकपासून. मी ते वापरून पाहिलं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा नकार. शेवटी यूटीसीचं चिन्ह असलेली माळ प्लेनडेटला दिली की ते पहिली दहा अक्षरं मुकाट्याने घेत नाही. चक्क त्रुटी फेकतं: हा क्षण आहे, कुठल्या टाइमझोनमधली तारीख हवी ते आधी सांग. तीस वर्षांनी या भाषेला कुणीतरी ‘नाही’ म्हणायला शिकवलं.

पण पूर्ण शिकवलेलं नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने वेगळे घेऊन प्लेनडेटच्या फ्रॉमला दिले, आणि कुणी ३१ जून निवडला, तर ते तक्रार करत नाही. गुपचूप ३० जून करतं. तक्रार हवी असेल तर वेगळं सांगावं लागतं. जुना डेट अशा वेळी १ जुलै करायचा. दोन्ही चूक, फक्त वेगळ्या दिशेने. तीच तारीख माळ म्हणून दिली तर मात्र टेम्पोरल नाकारतं. एकाच वस्तूचे दोन स्वभाव कशाला? आपले सरकारी फॉर्म बहुधा तीन रकान्यांचेच असतात. महिन्याअखेरीला पगार किंवा हप्ता मोजायचा असेल तर मागे ओढून घेणं सोयीचं, हे मान्य. भरून घेतलेल्या तारखेला तोच नियम आपोआप लागावा हे मला पटत नाही. ३१ जून म्हणजे भरणाऱ्याला तारीख नक्की माहीत नाही, ही माहिती आहे. ती ३० जून करून पुसली जाते.

आणि हे सगळं करूनही एक गोष्ट टेम्पोरलमध्ये नाही. वर्ष-महिना असा प्रकार आहे, महिना-दिवस असाही आहे, नुसतं वर्ष नाही. आरोग्य नोंदींच्या एफएचआयआर या प्रमाणात जन्मतारीख नुसतं वर्ष असू शकते, वर्ष-महिना असू शकते किंवा पूर्ण असू शकते, आणि तिला टाइमझोन नसतो. ते लिहिणाऱ्यांनी माणसं पाहिलेली दिसतात. ज्या बाई सांगतात ‘बहात्तरच्या दुष्काळात झाले’, त्यांच्याकडे एक वर्ष आहे, तेही कदाचित एक इकडे-तिकडे. फॉर्म त्यांना दिवस मागतो. ऑपरेटर १ जून टाकतो, म्हणजे गुरुजींचीच गादी चालवतो.

तुमच्या हाताशी जन्मतारखांचा एखादा तक्ता असेल, तर या आठवड्यात एवढंच करून बघा: वर्ष सोडून द्या, फक्त दिवस आणि महिन्याप्रमाणे मोजा, आणि १ जून, ३१ मे, ३१ डिसेंबर, ६ जानेवारी या चार ठिकाणी काय उंची आहे ते पाहा. नंतर १९४३, १९४४ आणि १९४५ची वर्षं वेगळी काढून तेच पुन्हा. मूळ फाइलवर काही करू नका, प्रत घ्या. पुढच्या लेखात मराठी नावांच्या जुळवणीबद्दल लिहीन. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’चा प्रश्न अजून तसाच आहे.